विस्थापनाची ग्रीक कादंबरी रंगमंचावर आणताना

पहिलंच रूपांतर असेल तर स्त्रातिस दूकास यांची ‘एका कैद्याची गोष्ट’ (1929) घ्या; दिदो सोतिरीऊ यांची ‘रक्ताळलेली माती’ (1962) नंतर. दूकास यांचा ऐवज लहान, निवेदक एकच: 1922 मध्ये तुर्कांकडून ग्रीक सैन्याचा पाडाव झाल्यानंतर जीव वाचवण्यासाठी तुर्क म्हणून वावरणारा ग्रीक कैदी. एक नट पुरतो.

नवखे हमखास स्मिर्नाची (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) 1922 ची आग दाखवायला जातात. धूर, आक्रोश, आणि त्यात निवेदकाचा आवाज बुडतो. खरा ताण खोट्या नावात, परक्या रिवाजांत आणि पकडलं जाण्याच्या धास्तीत आहे. वेळ तिथे द्या. त्याची छोटी, बोलकी वाक्यं संवादांत फोडू नका. आधी घड्याळ लावून मोठ्याने वाचा, मगच कात्री चालवा.

आणि 1923 च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या-अदलाबदलीत ग्रीसमधून सुमारे 4 लाख मुसलमानही उखडले गेले. हे विसरलात तर नाटक प्रचारी होईल.