दिरावर फसवणुकीचा गुन्हा आहे, पण जप्तीची नोटीस माझ्या नावच्या तीन एकरांवर आली. काय करू? (ता. केज, जि. बीड)

ताई, आधी नोटीस हातात पडल्याची तारीख लिहून ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खालची नोटीस असेल, तर खुलासा द्यायला फक्त १४ दिवस मिळतात. त्या मुदतीत हजर झाला नाहीत, तर कोर्ट एकतर्फी हुकूम करू शकतं. तलाठी, पोलीस स्टेशन असे हेलपाटे घालत बसू नका. उत्तर कोर्टातच द्यायचं.

कोर्टापुढे मुद्दा एकच असतो: ही जमीन गुन्ह्याच्या पैशातून आली का? नुसत्या सातबाऱ्यावर भागत नाही, कारण तो नाव सांगतो, पैसा कुठून आला ते सांगत नाही. खरेदीखत, फेरफार, त्या वर्षीचं पासबुक, कारखान्याचं उसाचं बिल, मोंढ्यातल्या आडत्याच्या पट्ट्या, सगळं काढा. माझ्या आईच्या डब्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्यांवरची शाई पार उडून गेली होती, आकडेच वाचता येईनात. म्हणून आजच झेरॉक्स काढा. जमीन दिरावरच्या गुन्ह्याआधी घेतलेली किंवा माहेरून आलेली असेल, तर ते पहिल्याच परिच्छेदात ठळक मांडा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. हुकूम विरोधात गेलाच, तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात दाद मागता येते.

आणि हो, या काळात जमीन कुणाच्या नावावर करू नका. घरचे कितीही म्हणोत.