मुलांच्या स्विमिंग टीममध्ये चांगला टीममेट कोणाला म्हणायचं?

पोहणं एकट्याचं असतं, मग टीममेट चांगला की वाईट हा प्रश्न येतोच कुठे, असं तुम्ही विचारलंय. येतो, आणि सगळ्यात जास्त रोजच्या सरावात येतो. एकाच लेनमध्ये पाच-सहा मुलं गोल फिरत, म्हणजे एका बाजूने जात आणि दुसऱ्या बाजूने परत येत, पोहतात. पुढच्याला पाचेक सेकंदांचं अंतर देऊन निघणं, मागच्या वेगवान मुलाने पायाला हलकेच हात लावला की भिंतीशी कोपऱ्यात थांबून त्याला वाट देणं, सेट (कोचने सांगितलेल्या फेऱ्या) संपल्यावर भिंतीच्या मधोमध लटकून न राहणं (मागच्याने टर्न मारायचा कुठे?), हे जो न सांगता करतो त्याच्या लेनमध्ये सगळ्यांना जायचं असतं. आणि कोचने 8 फेऱ्या सांगितल्या की 8च. सहाव्या फेरीला गॉगल नीट करत बसणारा मुलगा बाकीच्यांना बरोबर ओळखू येतो.

रिलेत, म्हणजे चौघं एकामागून एक पोहतात त्या शर्यतीत, तर एकाची घाई चौघांना भोवते. आधीच्याचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पुढच्याचे पाय ब्लॉकवरून (उडी मारायच्या चौथऱ्यावरून) सुटले की अख्खी टीम बाद. इतर टीम अजून पोहत असताना जिंकल्याच्या आनंदात कुणी पाण्यात उडी मारली तरी बाद! त्यानंतर त्या मुलाच्या शेजारी डबा खायला कोण बसतं, हे मी काठावरून हुरूप देणाऱ्या आरडाओरड्यापेक्षा जास्त महत्त्वाचं धरतो. ओरडणं सोपं असतं.

स्वतःची वेळ बिघडली तर थोडं रुसायला हरकत नाही, लहान मुलंच ती. फक्त पुढच्या हीटमध्ये (शर्यतीच्या पुढच्या गटात) मित्र असेल, तर त्याच्यासमोर टोपी आपटू नये.