आधी तिची माफी मागा

तुमच्या मुलीला बारावीला ८१ टक्के आहेत आणि तिला कोळ्यांवर संशोधन करायचंय. ‘किडे गोळा करून पोट भरतं का?’ असं विचारत तुम्ही तिच्या बाटल्या फेकल्यात, आणि तेव्हापासून ती बोलत नाही.

मला काळजी टक्क्यांची नाही, बाटल्यांची वाटली. प्रत्येकीवर ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली होती, असं तुम्हीच कळवलंय. म्हणजे तो पसारा नव्हता, नोंदी होत्या. कोळी पुन्हा मिळेल, त्या दिवसाची नोंद मिळणार नाही. आधी तिची माफी मागा. करिअरचं त्यानंतर बोलता येईल.

किडे गोळा करणं हा या कामाचा लहानसा भाग. एकाच जातीचे कोळी खोऱ्याच्या दोन बाजूंना वेगळे का होत गेले, हा खरा प्रश्न. बिळाला झाकण करून राहणाऱ्या ट्रॅपडोअर कोळ्यांची मादी सहसा बीळ सोडत नाही, जोडीदार शोधत नर फिरतो. बहुतेक जातींची पिल्लं धाग्यावर तरंगत दूरही जात नाहीत. त्यामुळे नदी किंवा कोरडा पट्टा त्यांना अडवतो. हवामान कोरडं होऊन ओलं जंगल तुकड्यातुकड्यांत उरलं की समूह तुटतात. ही ताटातूट पायाच्या तुकड्यातल्या डीएनएत वाचता येते. मग सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, त्यांना राहण्याजोगी जागा कुठे होती याचं मॉडेल संगणकावर करून दोन्ही ताडून पाहतात. यात फसायला होतं. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागाचा डीएनए आईकडून येतो आणि माद्या तर हलत नाहीत. नुसत्या त्यावर विसंबलं तर समूह आहेत त्याहून जास्त तुटलेले दिसतात. नरांनी पलीकडे नेलेली जनुकं पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएतच सापडतात. नमुने फक्त दोन टोकांचे घेतले, तर अंतरागणिक हळूहळू पडलेला फरकही दोन जातींसारखा भासतो.

म्हणून मुलीलाही सांगते: गणित सुटेल म्हणून इकडे येत असशील तर येऊ नकोस. संख्याशास्त्र आणि ‘आर’ या संगणकभाषेतलं प्रोग्रामिंग पहिल्या वर्षापासून शीक; संशोधनातल्या जागा कमी आहेत, हे कौशल्य बाहेरही चालतं. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी ही नेहमीची वाट आहे.

आणि नवे नमुने ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेव. ७० टक्क्यांत कोळ्याचा आकार टिकतो, डीएनए तुटत जातो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाक, शाई विरघळते. संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय एकही कोळी उचलू नकोस.