लाल क्लोव्हर लावू काय?

प्रश्न: निपाणीजवळ आमची शेती हाय, दोन म्हशी नि एक एचएफ गाय. मोबाईलवर लाल क्लोव्हरच्या व्हरायट्या बघितल्या, दहा गुंठ्यांत लावू काय? कुठली जास्त वैरण देती?

उत्तर: दादा, ते थंड मुलखातलं पीक, आपला एप्रिल-मे त्याला झेपायचा नाही. तिकडं त्यात डिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) आणि टेट्राप्लॉइड (चार संच असलेला) असे दोन प्रकार, दुसऱ्याची पानं मोठी, वजन भरतं, पण त्यात पाणीही जास्त, म्हणून कुठल्याही व्हरायट्या तोलताना ओलं वजन बघून फसू नका, दोन्हीची एकेक किलो कापून कुरकुरीत वाळवा आणि मग काट्यावर ठेवा. पाल्याकडंही बघा, प्रोटीन पानात असतं, काडीत कमी.

तुम्ही सरळ लसूणघास करा. राहुरी कृषी विद्यापीठाची आरएल-88 ही जात बहुवार्षिक हाय, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, दहा गुंठ्यांना अडीच किलो बी पुरे, रायझोबियम हे जिवाणू खत चोळून. पहिली कापणी साधारण दोन महिन्यांनी, मग महिन्याभरानं. फुलं नुकती दिसली की कापा, उशीर केला की काडी निबर होते न् म्हशी तीच टाकून देतात. पाणी साचू देऊ नका. बियात अमरवेल, म्हणजे पिकावर चढून त्याचा रस शोषणारं तण, नाही ना तेवढं बघून घ्या, एकदा शिरली की डोकेदुखीच! आणि नुसती ओली लसूणघास उपाशी जनावराला घालू नका, पोट फुगतं, आधी कडबा टाका.