पहाटेची पंधरा मिनिटं

बाय गो,

काल ओट्यावर बसून विचारलंस, "काका, संमोहनाने बरं वाटणार असेल तर माझं पोटाचं दुखणं खोटंच की!" तुझी आई समोर होती म्हणून मी सुपारी कातरत गप्प बसलो.

खोटं कशाला असेल? आतड्याच्या नसा नको तेवढ्या हळव्या झाल्यात. जरा वायू फिरला की मेंदूकडे बोंब जाते, मेंदू घाबरतो, आतडं आणखी आवळतं. संमोहनाने ती बोंब कमी करायची. रक्त पडत नाही, वजन घटलेलं नाही, डॉक्टरांनी तपासून आयबीएस, म्हणजे हळव्या आतड्याचं दुखणं, सांगितलंय. आणि ही भगताची भूल नव्हे. तुला सगळं ऐकू येत असतं, नको वाटलं तर डोळे उघडून उठायचं.

इंग्लंडात मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल या पोटाच्या डॉक्टरांनी १९८४ साली, औषधांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांचे दोन गट केले. संमोहनवाल्यांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या ७ बैठका, शिवाय घरी रोज ऐकायला टेप. त्यांना दुसऱ्या गटापेक्षा खूपच गुण आला. बैठका सगळ्यांच्या लक्षात राहतात, टेप कोणाच्या राहत नाही. तू घरी किती दिवस ऐकलंस? चार! चार दिवसांत पखवाजावर हात बसतो होय?

मी कंडक्टर होतो तेव्हा कुठल्या हॉटेलच्या मागे संडास आहे, हे मला तिकिटाच्या दरांपेक्षा पक्कं पाठ. शेवटी टेबलाचं काम मागून घेतलं. शिमग्यात सगळी वाडी पालखी नाचवायची आणि मी आत कडी लावून. अकरा वर्षं खांदा दिला नाही. पुढे पुण्याच्या एका बाईंकडे संमोहन घेतलं, तीन आठवड्यांत बरं वाटलं, लगेच सराव सोडला. आंब्याचा हंगाम होता, घरात माणसं दोन, पेट्या कोणी भरायच्या? पंधरा मिनिटं निघाली असती, कळतं मला. गणपतीपर्यंत पोट मूळ पदावर.

म्हणून म्हणतो, रोज. बरं वाटलं तरी रोज. दुपारी नको, पेंग येते. पहाटे तळवे घासायचे, ऊब बेंबीखाली टेकवायची, आत झिरपू द्यायची. मँचेस्टरवाले नदी डोळ्यांपुढे आणायला सांगतात, जुलाब असतील तर संथ, बद्धकोष्ठ असेल तर जरा वाहती. मला नदी जमेना. मी दाभोळच्या खाडीची ओहोटी बघतो. मचवा जागचा हलत नाही, कालवांचे खडक एकेक करून उघडे पडतात, पाणी आपलं सावकाश निघून जातं.

सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण चार दिवसांवर मला हिशेब सांगू नकोस.

सोमवारपासून साडेपाचला मिस्ड कॉल देतो. उचलू नकोस, कट कर, म्हणजे उठलीस ते कळेल.

तुझा काका