तीन दिवस गैरहजर, आणि कुणी विचारलंच नाही

अगं,

तुझा परवाचा मेसेज रात्री साडेअकराचा होता, मी तेव्हा गाढ झोपले होते, सकाळी कंपनीच्या बसमध्ये वाचला. "ताई, तीन दिवस ताप होता, कॉलेजला गेले नाही, पण कुणी विचारलंच नाही." रिप्लाय टाईप करायला घेतला आणि भोसरी येईपर्यंत तीनदा पुसला, कारण त्यावर 'काळजी घे' एवढंच लिहून भागणार नव्हतं. म्हणून आज रविवारी निवांत लिहितेय, लांबणार आहे, चहा घेऊन बस. आणि ताप उतरला ना नक्की? उतरला नसेल तर अंगावर काढू नकोस, रक्त तपासून घे, पावसाळ्यात पुण्यात डेंगू असतो.

तर तुला आत्ता वाटत असणार की पुण्याची माणसंच कोरडी किंवा मग माझ्यातच काहीतरी कमी आहे. तसलं काही नाहीये. तू आपल्या शाळेतून आलीयस, एवढंच झालंय.

आपल्या वाडीवरच्या शाळेत एक दिवस दांडी मारणं किती अवघड होतं आठव जरा. माझ्या वेळी पट होता २३, पहिली ते चौथी मिळून, दोन खोल्या, एक गुरुजी आणि एक बाई. एखादं पोर दिसलं नाही की परिपाठाच्या आधीच गुरुजी पायरीवर उभे राहून शेजारच्या घरातल्या पोराला विचारायचे, आणि त्यालाही माहीत नसलं तर मधल्या सुट्टीत दोघांना घरी पिटाळायचे. मी एकदा पोट दुखतंय म्हणून खोटंच घरी राहिले, एप्रिल होता, आणि साडेबाराला दोघं दारात हजर, मी पडवीत बसून फणसाचे गरे खातेय, बोटांना चीक, तोंडात गरा, पळायला जागाच नाही. आईने धपाटा घातला तो वेगळा. त्या दिवसापासून माझं नाव 'फणशी'. आज माझं वय सेहेचाळीस, चाकणला परचेसमध्ये बारा माणसं हाताखाली आहेत, पण देवरुखच्या स्टँडवर उतरले की कुणीतरी "काय गो फणशे" म्हणतंच. याच्याकडे परत येते.

पुढे तुझं हायस्कूलही तसंच, वर्गात तीसेक जण आणि सरांना प्रत्येकाचा बाप नावानिशी माहीत. म्हणजे बघ, वयाची सतरा वर्षं तुला तुझी ओळख करून द्यावी लागलीच नाही, ती आधीच तिथं होती, तू जन्मायच्या आधीपासून. अमक्याची नात, तमक्याची बहीण. आणि आता एकदम १२० जणांच्या वर्गात जाऊन बसलीयस जिथं हजेरी रोल नंबरवर होते. ओळख करून घेणं हे पण पोहण्यासारखंच असतं गं, शिकावं लागतं, आणि आपल्याला कधी कुणी पाण्यात टाकलंच नव्हतं.

माझं काय झालं ते सांगते, हसू नकोस. मी कॉलेजला गेले आणि पहिले दोन महिने मागच्या बाकावर बसून वाट बघत होते. कशाची तर कुणीतरी मला विचारेल याची. त्या काळात ईबीसी म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सवलतीचा फॉर्म भरायचा असायचा, फी माफ व्हायची. त्याची नोटीस ऑफिसच्या बाहेर काचेच्या बोर्डात लावली होती, मी रोज त्या बोर्डावरून जायचे, पण वाचायचं असतं हेच डोक्यात नाही, कारण आमच्याकडे नोटीस म्हणजे गुरुजी ओरडून सांगायचे, आणि ज्याने ऐकलं नसेल त्याच्या घरी जाऊन सांगायचे. तारीख गेली. ऑफिसातल्या क्लार्कने वरसुद्धा न बघता सांगितलं, "बोर्डावर होतं." बाबांनी त्या वर्षीच्या आंब्याचे आलेले पैसे पूर्ण फीमध्ये घातले आणि मला एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मी कितीतरी दिवस त्या क्लार्कला शिव्या घातल्या मनातल्या मनात. पण खरं सांगू का, त्याने मला ओळखावं अशी माझी अपेक्षा होती, नियम मोडून नव्हे, नुसतं नावाने. तिथं माझं गणित चुकलं.

आता यावरून तू म्हणशील की मग आपली लहान शाळा म्हणजे तोटाच. थांब जरा.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडास्पर्धा असायच्या. मुलींच्या कबड्डीला सात जणी लागतात, आणि आमच्याकडे चौथीपर्यंतच्या सगळ्या मुली मोजल्या तर होत्या बरोब्बर सात, त्यातली एक पहिलीतली, तिचा स्कर्ट सेफ्टी पिनने आवळून बाईंनी तिला मधे उभी केली आणि सांगितलं, "तू फक्त दोघींचा हात सोडू नको." मला कबड्डीचा तिटकारा, ढोपरं फुटायची, पण मी नाही म्हटलं असतं तर टीमच झाली नसती. बदली खेळाडू वगैरे आमच्या स्वप्नातही नव्हता. हमरस्त्यावरच्या मोठ्या शाळेने आम्हाला धू धू धुतलं, त्यांच्या बाहेर बसलेल्या मुलीच आमच्या टीमपेक्षा जास्त होत्या. पण त्या बाहेर बसलेल्या होत्या ना, आम्ही सातच्या सात आत होतो. पहिलीतलीनेसुद्धा हात सोडला नाही, फरफटत गेली पण सोडला नाही.

हे मला तेव्हा कळायचं कारणच नव्हतं. खूप नंतर वाचण्यात आलं की अमेरिकेत कॅन्सास राज्यात रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या दोघांनी हायस्कूलांचा अभ्यास केला होता, १९६४ साली छापून आला, शाळा अगदी ३५ मुलांपासून २ हजारांच्या वर मुलं असलेल्या. मोठ्या शाळेत कार्यक्रम जास्त, क्लब जास्त, सगळंच जास्त, पण एकेका मुलाच्या वाट्याला येणारी जबाबदारीची कामं लहान शाळेत कितीतरी जास्त. आणि मला आवडलेला भाग पुढे आहे, जी मुलं अभ्यासात मागे, कशातच नाहीत अशी, ती मोठ्या शाळेत बाहेरच राहतात, लहान शाळेत मात्र त्यांनाही कुणीतरी ओढून आत घेतं, कारण माणसंच कमी पडत असतात. वाचून मला पहिल्यांदा काय आठवलं असेल तर ती सेफ्टी पिन.

दुसरं, एका खोलीत दोन दोन इयत्ता. मी पहिलीत असल्यापासून पलीकडच्या रांगेतला चौथीचा शिवाजी महाराजांचा इतिहास कानावर पडायचा, चौथीत गेले तेव्हा अफझलखानाच्या भेटीचा धडा पुस्तक न उघडता पाठ होता. आणि तिसरीत असताना पहिलीच्या दोघांना पाढे शिकवायचं काम माझ्याकडे, त्यातला एक सातच्या पाढ्याला दर वेळी अडायचा आणि मला रडू यायचं. आज ऑफिसात नवीन पोरं जॉईन झाली की ट्रेनिंगला माझ्याकडेच पाठवतात, सगळे म्हणतात मॅडमना पेशन्स फार. पेशन्स कसला, सातचा पाढा आहे तो.

पण फार गोडवे गायला मला नको वाटतं, गावाकडच्या शाळेबद्दल लिहायचं म्हटलं की लोक लगेच गहिवरतात. आमच्यातला एक मुलगा होता, दुसरीत वाचायला अडखळायचा, त्याला 'मठ्ठ' म्हणायला सुरुवात झाली. मोठी शाळा असती तर पुढच्या वर्षी तुकडी बदलली असती, बाई बदलल्या असत्या, नवीन पोरं आली असती, त्याला नव्याने सुरुवात करता आली असती. इथं तीच २३ पोरं, तेच गुरुजी, घरी आलं तरी तीच वाडी. मला 'फणशी' चिकटलं ते हसण्यावारी गेलं, त्याचं तसं नाही झालं. आता मुंबईला असतो, स्वतःचे दोन टेम्पो आहेत, हिशेबाला एकदम पक्का, पण आम्ही गणपतीत शाळेत जमतो तिथं तो एकदाही आलेला नाही. आणि मला माहितीये मीही त्याला म्हणायचे ते, सगळ्यांच्या बरोबरीने. लहान जागेत जीव लावणारी माणसं असतात तशी शिक्का मारणारीही तीच असतात, दुसरी असतातच कुठे.

अजून एक. लहान शाळा दोन प्रकारच्या असतात, एक ठरवून लहान ठेवलेली आणि एक उरून लहान झालेली. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, किंवा फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन काढलं, तिथं मुलाकडे नीट बघायचं हा आधी केलेला विचार आहे. आपली शाळा लहान झाली कारण निम्मी वाडी मुंबईला गेली. तुझ्या वेळी पट अकरा होता ना? आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, तुम्हाला कागदावर दोन होते, पण एक पद रिकामं आणि असलेले सर मतदार यादी, सर्वे, केंद्राच्या मीटिंगा, मग तुझं चौथीचं भागाकाराचं पान कोरंच राहिलं, ते मी तुला मे महिन्यात शिकवलं होतं, आठवतंय? नुसता पट कमी असून काही होत नाही, कुणीतरी पायरीवर उभं राहून विचारणारं लागतं. २०२३ मध्ये सरकारने २० च्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं काढलं, तेव्हा राज्यात अशा १४ हजारांहून जास्त शाळा होत्या. मला विचारशील तर बसमध्ये बसून लांब जाणाऱ्या सहा वर्षांच्या पोराची हजेरी कोण घेणार हे आधी सांगा, मग बाकीचं बोलू. असो, तो विषय निघाला की मी थांबत नाही.

तुझ्यावर येते. तुमचा शाळेतल्या सात जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मला माहितीये, तू दिवसभर त्यावरच असतेस. तो सोडू नकोस. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर रात्री मेसेज टाकला तर सकाळी तीन जण हॉस्पिटलच्या दारात होते, एक तर नाईट शिफ्ट करून तसाच आला होता. असली माणसं पुढे आयुष्यात नव्याने मिळणं कठीण. फक्त त्या ग्रुपकडून एक गोष्ट मिळणार नाही. नवीन बातमी. तुमच्या सातही जणांना माहीत असतं ते सगळं सारखंच, तेच गाव, तीच माणसं, त्याच नोकऱ्या. मार्क ग्रानोव्हेटर म्हणून एक समाजशास्त्रज्ञ आहे, त्याने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की ज्याने सांगितलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर निम्म्याहून जास्त लोक म्हणाले कधीमधी. आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे सहातला एक. १९७३ चा लेख आहे. मला चाकणची पहिली नोकरी कुणी सांगितली माहितीये? मेसमध्ये शेजारी बसणाऱ्या एका नागपूरच्या मुलीने, जिचं आडनावसुद्धा मला धड माहीत नव्हतं.

मग तू काय कर, १२० जणांशी ओळख करायच्या फंदात पडू नकोस, ते कुणालाच जमत नाही. जिथं माणसं कमी पडतायत अशी जागा शोध. आत्ता सगळीकडे पुरुषोत्तम करंडकच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी चालू असतील, तुमच्या कॉलेजचीही असेलच एकांकिका. तिथं जाऊन सरळ विचार, बॅकस्टेजला कुणी हवंय का. अ‍ॅक्टिंगला रांग असते, लेव्हल म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे उचलायला आणि वेळेवर टॉर्च धरायला कुणी नसतं. लगेच नाव लागेल तुझं, आणि एक दिवस आली नाहीस तर बोंब होईल, बघ. नाहीतर एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना, आहे. लॅबमध्ये सामान देणारे मामा असतात त्यांना त्यांच्या नावाने हाक मार, तुझं पण नाव सांग, गाव सांग, अर्ध्या लोकांचं कोकणात कुणी ना कुणी असतंच. बाजूला बसते तिला तू विचार की काल का नव्हतीस. हे तर तुला येतंच, अकरा पोरांत वाढलीयस, कोण आलं नाही हे तुला न मोजता कळत असणार. ती बाजूची मुलगी कधी आली नव्हती तेव्हा तू विचारलं होतंस का? मी भांडत नाहीये, नुसतं विचारतेय.

आणि पहिल्या टेस्टमध्ये त्रेचाळिसावी आलीस त्याचं रडगाणं बंद. आपल्याकडचा पहिला नंबर तिघांतला होता.

उद्या कॉलेजला गेलीस की आधी नोटीस बोर्डाचा फोटो काढून मला पाठव, अख्ख्या बोर्डाचा, स्कॉलरशिपचं काही लागलं असेल तर आपण दोघी मिळून बघू, महाडीबीटीला, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलला, कागदपत्रं फार मागतात. उत्पन्नाचा दाखला तुझ्या बाबांना आत्ताच काढायला सांग, तहसीलला गणपतीच्या आधी गर्दी होते. आणि गणपतीला कधी निघतेयस ते कळव, एसटीचं बुकिंग एकत्र करते. येताना माझा तो स्टीलचा डबा आण, दोन महिने झाले.

तुझी
फणशीताई