चित्रकलेची पदविका घेतल्यावर केवळ चित्रांवर पोट भरता येते का?

आपण विचारले आहे की पदविका हाती आली आहे, घरचे कलाशिक्षकाच्या नोकरीचा आग्रह धरत आहेत, आणि ती स्वीकारली तर आपल्यातला चित्रकार संपेल अशी भीती वाटते. मी बारा वर्षांपूर्वी मुंबईत हेच शिक्षण घेऊन बाहेर पडलो. पहिली सात वर्षे केवळ चित्रांवर माझे पोट भरले नाही आणि आजही वर्षातले तीन-चार महिने भरत नाही.

या प्रश्नावर चित्रकार एम. एफ. हुसेन यांचे उदाहरण हमखास दिले जाते. ते सिनेमाचे फलक रंगवत, त्यांचे सहकारी चित्रकार के. एच. आरा यांनी तर घरकामापासून गाड्या धुण्यापर्यंत सगळे केले, आणि १९४७ मध्ये याच मंडळींनी सूझा, रझा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा मुंबईतल्या आधुनिक कलावंतांचा गट उभा केला, हे सारे खरे आहे. सत्कारसमारंभांत मात्र ही हकीकत अशी सांगतात, जणू उपासमार हाच कलेचा पाठ्यक्रम आहे. मला त्यात हुसेन यांनी पोटासाठी धरलेले काम रंग आणि कुंचल्याचेच होते, ही गोष्ट जास्त मोलाची वाटते. म्हणून कोणतेही काम धरताना, संध्याकाळी त्यातून आपले हात आणि डोळे कितपत शाबूत राहतात एवढे मी आधी पाहतो.

माझ्यापुरते असे काम गणपतीच्या कारखान्यात सापडले. सणाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत तिथे आखणी करणाऱ्यांची, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणाऱ्यांची, चणचण असते. बाकीचे रंगकाम उरकल्यावर आखणी होते आणि तिचे पैसे नगावर मिळतात. पहिल्या दिवशी माझी एकही रेष सरळ आली नाही. तिथल्या वयस्क कारागिराने मला करंगळी मूर्तीच्या सुकलेल्या गालावर टेकवायला, श्वास सोडून मगच रेष ओढायला आणि बुबुळ किंचित खाली ठेवायला शिकवले, कारण मूर्ती मखरात उंचावर बसते आणि समोर पाटावर बसलेल्या माणसाला देव आपल्याकडेच पाहतो आहे असे वाटले पाहिजे. रेषेबद्दल इतके नेमके मला महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते.

उरलेल्या वर्षात मी शाळकरी मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या शिकवण्या घेत असे. त्यातून घरभाडे सुटत होते, परंतु मुलांच्या वस्तुचित्रांतले तेच तांबे आणि तीच वांगी तपासून इतका कंटाळा येई की पुढे माझ्या चित्रांतही तांब्या डोकावू लागला. तेव्हा आठवड्याचे तीनच दिवस शिकवायचे असे ठरवले. तयार कॅनव्हास परवडत नसे, म्हणून चौकटीवर मांजरपाट ताणून त्याला सरसाचा हात आणि वर पांढऱ्याचे दोन थर देत असे. सरस दाट झाला की वर्षभराने रंगाला तडे जातात, हे दोन चित्रे गमावल्यावर कळले.

दालनांविषयी थोडक्यात सांगतो. जहांगीर कलादालनात तारीख मिळायला काही वर्षे थांबावे लागते, म्हणून अर्ज आजच करावा आणि विसरून कामाला लागावे. एका खाजगी दालनाने माझी दोन चित्रे विकली, पैसे अकरा महिन्यांनी दिले आणि त्यातून कमिशनखेरीज चौकटींचा खर्चही कापून घेतला, ज्याबद्दल आधी चकार शब्द निघाला नव्हता. चूक माझीही होती, कारण मी काहीच लिहून घेतले नव्हते. आता प्रत्येक चित्राची किंमत, कमिशनचा टक्का, चौकटीचा खर्च आणि पैसे देण्याची मुदत कागदावर आल्याशिवाय मी चित्र घराबाहेर काढत नाही. चित्रकाराने हिशेब मागणे आपल्याकडे अजून थोडे अशिष्ट मानले जाते. तो कमीपणा सोसावा.

आपल्यासमोरच्या नोकरीपुरते बोलायचे, तर शाळा सकाळच्या सत्राची असल्यास मी ती निःसंकोच घेईन, कारण दुपारनंतरचा उजेड आपल्या हाती राहतो. ती पूर्ण दिवसाची असल्यास उजेडच उरणार नाही, आणि रात्री ट्यूबलाइटखाली कालवलेला हिरवा सकाळी कसा दिसतो हे आपल्याला ठाऊक असेलच.